हिंगोलीत कारभारी घडण्याचा इतिहास

हिंगोली आणि वसमतच्या बाजारपेठांत व्यापारातला कारभारी पूर्वी पेढीवर घडत असे. आडत दुकानात पोरगा आधी मालाची पारख शिके, मग रोजमेळ आणि खतावणी. जुना मुनीम त्याच्या चुका दाखवी आणि बऱ्याच वर्षांनी व्यवहार त्याच्या हाती येई. हे शिक्षण पक्के होते, पण ते घराण्याबाहेर फारसे जात नसे. कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा या पेढीशी संबंध माल घालण्यापुरता आणि उचल घेण्यापुरता राही.

सहकाराने शेतकऱ्याला कारखान्याचा मालक केले, तेव्हा त्याला कारभार कोण शिकवणार हा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्रात याचे सर्वांत चांगले उत्तर प्रवरानगरला सापडले. विठ्ठलराव विखे पाटील यांची जिद्द आणि धनंजयराव गाडगीळ यांची विद्वत्ता तिथे एकत्र आली. गाडगीळ पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. 1950 च्या अखेरीस तिथल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले तेव्हा ते अध्यक्ष होते आणि विखे उपाध्यक्ष. सुरुवातीची बरीच वर्षे गाडगीळ त्या पदावर राहिले, पुढे विखे अध्यक्ष झाले. हिशेब, भांडवल, सभासदांचे हित यांविषयी निर्णय घेताना शेतकरी संचालकांशेजारी अर्थशास्त्रज्ञ बसलेला असे. कारभार चालवणाऱ्याला कारभार चालू असतानाच मिळालेली ही तालीम होती, आणि कोणत्याही वर्गापेक्षा ती मोलाची ठरली.

वर्गही होतेच. मुंबई इलाख्यात सहकारी शिक्षणाची मध्यवर्ती संस्था 1918 मध्येच निघाली. पुण्यात 1967 पासून वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकार प्रबंध संस्था उभी आहे.

हिंगोलीचा भाग मात्र सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबई राज्यात आला. इलाख्यातल्या संस्थांच्या जाळ्यापासून तो तोवर दूर राहिला. इथल्या संचालकांना कारखाना मिळाला, पण शेजारी बसणारा गाडगीळ मिळाला नाही. मराठवाड्यातल्या सहकाराच्या अडचणींचा विचार करताना पाऊस आणि पाण्याइतकेच याकडेही पाहायला हवे. तरीही या मातीत कर्तृत्व होते: वसमतच्या पूर्णा सहकारी साखर कारखान्याचे जयप्रकाश दांडेगावकर राष्ट्रीय सहकारी साखर कारखाना महासंघाच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचले.

2013 च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या सहकार कायद्याने सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी संस्थांवर टाकली. पण एक-दोन दिवसांचे शिबिर आणि वर्षानुवर्षांची सोबत यांत मोठे अंतर आहे.

ती सोबत आता शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या निमित्ताने परत येऊ पाहते. अशा कंपनीत शेतकऱ्यांमधून निवडलेले किमान पाच संचालक असतात आणि पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो. केंद्राच्या 2020 च्या दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेत व्यावसायिक मार्गदर्शक संस्थेने प्रत्येक गटाला पाच वर्षे साथ द्यायची आहे. हिंगोलीत या प्रयत्नाचे मुख्य पीक हळद आहे. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून तिथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रही उभे राहत आहे. वाळवणी, पॉलिश, प्रतवारी, साठवण, तारण कर्ज आणि निर्यातीचा करार हे सगळे निर्णय आता गावातल्या संचालक मंडळाला घ्यावे लागतात.