गोदेच्या पाण्याचा समुद्र

नाशिकचं सातपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचावर वसलेलं आहे. जवळचा किनारा गाठायचा तर सह्याद्री उतरून शंभरेक किलोमीटर जावं लागतं. नळाला येतं ते गंगापूर धरणाचं, म्हणजे गोदावरीचं पाणी. तरीही इथल्या एखाद्या कामगार वसाहतीत, टीव्हीशेजारच्या दोन फुटी काचेच्या पेटीत नारिंगी-पांढरा क्लाउनफिश फिरू शकतो आणि खडकावरची मऊ प्रवाळं डोलू शकतात. हौशी मंडळी याला ‘रीफ टँक’ म्हणतात. पाहुण्यांचं लक्ष माशाकडे जातं; पेटीच्या मालकाचं मात्र पाण्याकडे असतं. या पेटीची कुळकथाही पाण्याचीच आहे, आणि ती बरीचशी समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी घडवलेली आहे.

समुद्री जीव काचेत ठेवून पाहण्याचा उद्योग झान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच बाईंनी 1832 मध्ये सिसिलीत केला होता, पण त्यांच्या दारातच समुद्र होता. खरी अडचण आली ती लंडनच्या ॲना थिन यांना. त्यांचे पती वेस्टमिन्स्टर ॲबेतले वरिष्ठ धर्मगुरू. 1846 मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेल्या असता बाईंना खडकावरची प्रवाळं इतकी आवडली, की त्यांनी ती सुईदोऱ्याने एका स्पंजावर टाचली, बरणीत घातली आणि थेट लंडनला आणली. पाणी शिळं पडू नये म्हणून एक दिवसाआड मोलकरणीला उघड्या खिडकीशी बसवायचं आणि अर्धा-पाऊण तास ते या भांड्यातून त्या भांड्यात ओतायला लावायचं, असा क्रम सुरू झाला. त्या मोलकरणीच्या हातांना या छंदातला पहिला एअर पंप म्हणायला हरकत नाही. पुढे बाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ सोडलं आणि ओताओतीची गरज कमी झाली. थिनबाईंचं नशीबही चांगलं होतं. इंग्लंडच्या थंड पाण्यातली ती प्रवाळं उजेडावर जगणारी नव्हती, हाताने भरवलं की त्यांचं भागे. मालदीवचं प्रवाळ त्या अंधाऱ्या दिवाणखान्यात टिकलं नसतं.

1853 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. त्यामागे होते निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस. किनाऱ्यावरून पाणी वाहून आणणं खर्चाचं आणि कटकटीचं होतं. तेव्हा गॉस यांनी समुद्राच्या पाण्याचं रासायनिक पृथक्करण समोर ठेवून 1854 मध्ये घरगुती समुद्राची कृतीच प्रसिद्ध केली: खायचं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड आणि गोडं पाणी. आज बादलीभर पुडीचं ‘रीफ सॉल्ट’ विकत घेणारा सातपूरकर गॉस यांच्याच यादीची सुधारलेली आवृत्ती घेत असतो. लिटरला साधारण 35 ते 40 ग्रॅम. मग रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकून क्षारता 35 आली की नाही ते पाहायचं.

नुसतं मीठ का चालत नाही, याचं उत्तर पालघर किंवा उरणच्या मिठागरात मिळतं. खाडीचं पाणी उन्हात आटू लागलं की आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम आणि त्यानंतर मीठ. मॅग्नेशियम, पोटॅशियम उरतं शेवटच्या कडवट पाण्यात, आणि ते पाणी मीठ काढणारा सोडून देतो. म्हणजे स्वयंपाकघरातल्या मिठात प्रवाळाला लागणारं जवळजवळ काहीच उरत नाही. गॉस यांनी मॅग्नेशियम आणि पोटॅशियम परत आणलं, पण त्यांच्या यादीत चुना नव्हता. प्रवाळाचा सांगाडा चुन्याचा असतो. तो हिशेब जुळायला आणखी सव्वाशे वर्षं जावी लागली.

दरम्यान मुंबईत 1951 साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं, आणि शाळेच्या सहलीतून महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्यांनी काचेतला समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तिथे. समोरच अरबी समुद्र असल्यामुळे पाणी तयार करण्याचा प्रश्नच नव्हता.

किनाऱ्यावरच्या माणसाने या कथेत काहीच भर घातली नाही, असं मात्र नाही. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली. ती अगदी साधी होती: समुद्रातला जीवजंतूंनी भरलेला सच्छिद्र खडक, थोडे हवेचे बुडबुडे आणि ऊन. फिल्टर नाही. त्या खडकातले जिवाणू माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करतात. खडकाच्या आतल्या, ऑक्सिजन न पोचणाऱ्या भागातले जिवाणू नायट्रेटचाही निकाल लावतात. म्हणूनच नवी पेटी पाणी-खडक घालून चार ते सहा आठवडे तशीच चालवायची असते. हौशी लोक त्याला ‘टँक सायकल करणं’ म्हणतात. बरेच मासे मरतात ते ही वाट न पाहिल्याने.

पुढचा मुक्काम जर्मनी. समुद्राचं पाणी बारीक बुडबुड्यांनी घुसळलं की त्यातला सेंद्रिय मळ फेसाला चिकटून वर येतो, हे तत्त्व वापरून तिथे प्रोटीन स्किमर रूढ झाला. स्किमरचा पेला उघडून पाहावा: तळाशी कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी, कडेला हिरवट-काळा थर आणि कुजकट वास. इतकी घाण रोज पाण्यात विरघळत होती, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. पीटर विल्केन्स यांनी 1970च्या दशकात चुन्याच्या निवळीचा आग्रह धरला, आणि किनाऱ्यापासून दूर असलेल्या बर्लिनमधल्या हौशी मंडळींनी जिवंत खडक, स्किमर, झगझगीत दिवे आणि चुन्याची निवळी असं सगळं एकत्र आणलं. तीच ‘बर्लिन पद्धत’. पानाच्या डबीत असतो तो चुना हाच, फक्त इथे शुद्ध लागतो. निवळी जहाल अल्कधर्मी असल्याने ती एकदम ओतायची नाही; रात्रभर थेंबथेंब सोडायची. प्रवाळाला कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही हव्या त्या प्रमाणात मिळतात.

दिव्यांचं कारण त्याआधीच सापडलं होतं. प्रवाळाच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला मिळतो. ते शैवाल नेमकं कुठल्या कुळातलं, हे जपानी शास्त्रज्ञ सिरो कावागुती यांनी 1940च्या दशकात दाखवलं. आजचे निळसर एलईडी त्या शैवालासाठी असतात. खोली छान दिसते हा वरचा फायदा.

हे सगळं नाशकात आणलं की गावचं हवामान मध्ये पडतं. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, थंडीत दहाच्या खाली उतरतो, आणि पेटीला हवं असतं बारा महिने 25-26 अंश. त्यामुळे मुंबईकराचं चिलरवर भागतं, सातपूरकराला हीटरही लागतो. कोरड्या उन्हाळ्यात छोट्या पेटीतून रोज लिटर-दीड लिटर पाणी उडतं. उडतं ते गोडं, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची. ती निवळीच्या रूपात घातली तर कोरडी हवा उलट कामाला येते, कारण जितकं पाणी उडेल तितकीच निवळी घालता येते. नळाचं पाणी आरओनंतर रेझिनमधून काढून टीडीएस शून्यावर आणतात. एमआयडीसीतल्या प्लेटिंगवाल्यांना हे नवं नाही. त्यांचं डीएम वॉटर तेच. तांब्यापासून मात्र फार जपावं लागतं. माशाच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं, पण त्याचा अंशही प्रवाळाला आणि कोळंबीला मारक. बाकी दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणं, काच पुसणं, आणि वीज गेली तर बॅटरीवरचा पंप तयार ठेवणं.

या कुळाला एक डागही आहे. गॉस यांच्या पुस्तकांनी लागलेल्या वेडापायी इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे खडक लोकांनी ओरबाडून नेले. 1907 मध्ये त्यांचा मुलगा एडमंड याने आपल्या आठवणींत त्याबद्दल हळहळ नोंदवली. आपल्याकडे कायद्याने वाट अडवली आहे: 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 मध्ये सगळी टणक प्रवाळं आली, समुद्री घोडे आणि समुद्रकाकड्याही आल्या. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा परिसर तर 1987 पासूनच मालवण सागरी अभयारण्यात आहे. दुसरीकडे राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाने ऐरोलीच्या केंद्रात शोभिवंत सागरी माशांची हॅचरी उभारली, म्हणजे क्लाउनफिश समुद्रातून पकडायची गरजच उरत नाही.

तेव्हा पेटी मांडायचीच असेल तर कोरडा किंवा सिरॅमिकचा खडक घ्यावा, मासा हॅचरीतला मागावा आणि दुकानदाराकडून पक्कं बिल घ्यावं. मालवणात तारकर्लीला स्नॉर्केलिंग करताना हाताशी आलेला प्रवाळाचा तुकडा, मेलेला दिसला तरी, पिशवीत घालू नये. तो गुन्हा आहे.