गॅन्डाल्फ आणि ओडिन

* गॅन्डाल्फ : जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’ (१९३७) आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबऱ्यांतील जादूगार. हे नाव, तसेच थोरिन, फिली, किली आदी बुटक्यांची नावे ‘व्होलुस्पा’ या जुन्या नॉर्स काव्यातील बुटक्यांच्या यादीतून घेतलेली आहेत. हे काव्य तेराव्या शतकातील ‘कोडेक्स रेजिउस’ या आइसलँडी हस्तलिखितात आढळते. ‘द हॉबिट’च्या पहिल्या खर्ड्यात तर गॅन्डाल्फ हे बुटक्यांच्या म्होरक्याचेच नाव होते.

जादूगाराचे रूप मात्र ओडिनवरून आलेले आहे. नॉर्स कथांत देवांचा हा अधिपती रुंद काठाची टोपी आणि लांब झगा घालून, अनोळखी म्हातारा बनून राजांच्या दारी येतो. गॅन्डाल्फ हा ओडिनच्या जातीचा भटक्या आहे, असे टॉल्किन यांनी १९४६च्या एका पत्रात म्हटले आहे. ओडिनच्या आठ पायांच्या स्लेइप्निर घोड्याची आठवण गॅन्डाल्फच्या शॅडोफॅक्स या घोड्याकडे पाहून होते.

साम्य इथवरच. ओडिन ज्ञानासाठी मिमिरच्या विहिरीत स्वतःचा डोळा अर्पण करतो खरा. पण वल्हाल्ला या आपल्या महालासाठी मृत योद्धे हवेत म्हणून राजांना आपसांत झुंजवतो, आपल्याच लाडक्या वीराला ऐन लढाईत तोंडघशी पाडतो. याउलट, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा नायक फ्रोडो सर्वशक्तिमान अंगठी आपणहून देऊ करतो तेव्हा गॅन्डाल्फ ती ठामपणे नाकारतो. टॉल्किन यांनी ओडिनचा वेश घेतला, सत्तालालसा टाकून दिली. त्यांची खरी प्रतिभा या निवडीत दिसते. — संपा.