नीलकमल : बुधवार, दुपारी ३.५५

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडचं कुटुंब पहिल्यांदा मुंबईला गेलं की एका दिवसाचा कार्यक्रम ठरलेलाच असतो. गेटवे, ताजसमोर फोटो, मग लाँचमध्ये बसून घारापुरी. इथल्या बोरगावच्या माणसाचं पाणी म्हणजे कन्हान, जाम, फार तर वर्धा. त्यामुळे लेणी बघण्यापेक्षा तासभर समुद्रावर असण्याचंच अप्रूप जास्त. १८ डिसेंबर २०२४ च्या बुधवारी ‘नीलकमल’ लाँचमध्ये शंभराहून अधिक माणसं याच हौसेनं बसली होती.

निघण्याच्या कितीतरी आधी

लाँचच्या परवान्यावर आकडा होता : ८४ प्रवासी आणि ६ खलाशी. असा आकडा केवळ बाकं मोजून ठरत नाही. बोट किती कलेल, किती वजनाला पाण्यात कुठवर बसेल, जीवरक्षक साधनं किती लागतील, हा सगळा हिशेब त्यात असतो. म्हणजे पंच्याऐंशीवा प्रवासी चढतो तेव्हा तो नुसता दाटीवाटीत भर घालत नाही. त्याच्या नावाचं जॅकेट मुळात हिशेबातच नसतं. ही गोष्ट धक्क्यावरच्या कुणालाही बोटांवर मोजून सांगता आली असती. त्यासाठी माणसं मोजायला हवी होती.

त्याच दुपारी बंदरात नौदलाची एक वेगवान बोट इंजिनाच्या चाचणीसाठी उतरली होती. तिच्यावर सहा जण होते : दोन नौदलाचे, चार इंजिन बनवणाऱ्या कंपनीचे. चाचणी म्हणजे यंत्र अजून भरवशाचं ठरलेलं नाही, असाच अर्थ. मग ती प्रवासी लाँचांच्या वाटेवर, भर दुपारी कशासाठी? हा प्रश्न अपघातानंतर सगळ्यांनी विचारला. विचारायची वेळ आधीची होती.

दुपारी सव्वातीनच्या सुमारास

नीलकमल गेटवेवरून सुटली. वाचलेल्या प्रवाशांनी नंतर जे सांगितलं त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली : चढताना लाइफ जॅकेट घालायला कुणी दिलं नव्हतं.

इथे जरा थांबतो, कारण सगळं प्रकरण मला याच जागी घडलेलं दिसतं. कोकणात, गोव्यात आता हौशी मंडळी गटानं समुद्रात कयाक घेऊन जातात. चांगला गट असेल तर पाण्यात उतरण्यापूर्वी काठावर काही मिनिटं कंटाळवाणी जातात. जॅकेट घालून पट्टे ओढून बघायचे. शिटी कुणाकडे, ओढायची दोरी कुणाकडे. पुढे कोण, सगळ्यात मागे कोण. वारा फिरला तर परतायचं हे ठरवणार कोण. कुणाची कयाक उलटली तर त्याच्याकडे कोण जाणार आणि तोवर बाकीच्यांना एकत्र कोण धरून ठेवणार. आणि किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून ठेवायचं : आम्ही इतके जण, अमुक वाजता परत, नाही आलो तर फोन कर.

हे न केल्यावर काय होतं ते इंग्लंडच्या लाइम बेमध्ये २२ मार्च १९९३ ला दिसलं. प्लिमथच्या एका शाळेची आठ मुलं, एक शिक्षक आणि साहसी खेळांच्या एका केंद्राचे दोन प्रशिक्षक सकाळी दहाच्या सुमारास कयाकमधून निघाले. जायचं होतं जेमतेम दोन मैल, दुपारपर्यंत. शिक्षकाची कयाक वारंवार उलटू लागली, एक प्रशिक्षक त्याच्यापाशी अडकला, आणि दुसऱ्यासह मुलं वाऱ्यानं खोल समुद्रात ओढली गेली. जवळ धोक्याचे अग्निबाण नव्हते. ठरलेली वेळ उलटून तीन तास होऊन गेले तेव्हा कुठे तटरक्षकांना कळवलं गेलं. चार मुलं गेली. त्याच केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी आदल्या वर्षी नोकरी सोडताना इथली सुरक्षा अपुरी आहे असं लेखी कळवलं होतं. खटल्यात तेच पत्र मालकाच्या गळ्याशी आलं. केंद्र चालवणाऱ्या कंपनीला ६०,००० पौंड दंड झाला, व्यवस्थापकीय संचालकाला तीन वर्षांची कैद, अपिलात दोन. मुलांना साहसी खेळांना नेणाऱ्या केंद्रांसाठी १९९५ मध्ये तिथे वेगळा कायदाच करावा लागला.

नीलकमलवर कयाकपटूंचा गट नव्हता, तिकीट काढलेली गर्दी होती, हे खरं. पण पाणी हा फरक करत नाही.

पावणेचारनंतर

घारापुरीच्या वाटेवर प्रवाशांना एक स्पीडबोट दिसू लागली, वेगात गिरक्या घेणारी. बऱ्याच जणांना वाटलं, कुणीतरी कसरती करून दाखवतंय. एकानं मोबाइलवर चित्रण केलं. रात्रीपर्यंत ते देशभर पाहिलं गेलं. त्या लोकांना हसू नये. गावाकडून आलेल्या माणसाला समुद्रावर काय नेहमीचं आणि काय भलतं हे कळणार कसं? ते कळणारी माणसं तांडेल-खलाशी. त्यांनी त्या क्षणी प्रवाशांना जॅकेटं घालायला सांगितली असती, तर हातात काही मिनिटं तरी होती.

३.५५

स्पीडबोट एकदम वळली आणि सरळ लाँचवर येऊन आदळली. इंजिनात बिघाड होऊन ताबा सुटला, असं नौदलानं नंतर सांगितलं.

पुढची काही मिनिटं

लाँचमध्ये पाणी शिरलं. आता जॅकेटांसाठी धावाधाव. घरी, कोरड्या जमिनीवर, उजेडात एखाद्या लहान पोराला जॅकेट घालून पाहावं : पट्टा कुठून कुठे जातो हे समजेपर्यंतच वेळ जातो. इथे बोट कलत होती, आरडाओरडा होता आणि शंभराहून जास्त हात एकाच ठिकाणी जात होते. जॅकेट बोटीत असणं आणि अंगावर असणं यात जे अंतर आहे, त्यात माणसं गेली.

गस्तीवरचे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान पोहोचले तेव्हा काही आईबाप आपली लेकरं पाण्यात टाकायच्या बेतात होते. बोट बुडणारच, निदान पोरांना तरी कुणी उचलून घेईल, या आशेनं. जवानांनी त्यांना थोपवलं आणि आधी मुलं उचलली. जवळच्या पायलट बोटी, दुसऱ्या लाँचा मिळेल त्या वाटेनं आल्या. मग नौदलाच्या ११ बोटी, सागरी पोलिसांच्या तीन, तटरक्षक दलाची एक आणि चार हेलिकॉप्टरं.

बोटीत होते किती? संध्याकाळभर हा आकडा बदलत राहिला. कधी ऐंशी, कधी शंभराच्या वर. किती वाचवले हे कळत होतं. किती शोधायचे ते सांगता येत नव्हतं.

रात्री साडेसात

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात सुरू होतं, त्यामुळे मुख्यमंत्र्यांचं निवेदन आमच्या बाजूनंच आलं : साडेसातपर्यंत १३ मृत, त्यांत तिघे नौदलाच्या बोटीवरचे, १०१ जणांना वाचवलं, मृतांच्या वारसांना पाच लाख रुपये.

इकडे हे ऐकताना कित्येकांना वर्धा नदी आठवली असणार. १४ सप्टेंबर २०२१ ला वरूड तालुक्यातल्या झुंज इथे डोंगा उलटून अकरा जण बुडाले. दशक्रियेला जमलेली नात्यातली माणसं. तिथे ना नौदल होतं ना इंजिन, आणि अंगावर जॅकेट असण्याचा तर प्रश्नच कुणाच्या मनात आला नसेल. डोंग्यात किती बसायचे हे आपल्याकडे बसणारेच ठरवतात, आणि ‘आता पुढच्या खेपेला’ असं पाहुण्याला सांगणं वाईट दिसतं.

नंतरचे दिवस

मृतांची संख्या पंधरावर गेली. बेपत्ता असलेल्या सात वर्षांच्या मुलाचा मृतदेह शनिवारी, २१ डिसेंबरला सापडला. कुलाबा पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, नौदलानं चौकशी मंडळ नेमलं, लाँचचा परवाना गेला.

सुरक्षितता ही सगळ्यांची जबाबदारी, असं अशा वेळी बोललं जातं. त्या वाक्याची मला थोडी भीती वाटते. धडक मारली ती स्पीडबोटीनं. तो दोष पंधरा-वीस ठिकाणी वाटून पातळ करायचं कारण नाही. पण धडकेनंतर कोण तरंगलं आणि कोण नाही, हा हिशेब वेगळा आहे. त्यात परवाना तपासणारे आहेत, माणसं चढवून घेणारे आहेत आणि जॅकेट मागायला संकोचणारे आपणही आहोत.

अपघातानंतर लगेच गेटवेवरच्या लाँचांमध्ये जॅकेट सक्तीचं झालं. प्रवासी ते घालून बसू लागले. जॅकेटं तीच होती, खलाशीही तेच. झुंजच्या काठावर मात्र अशी सक्ती करायला गेटवेसारखा धक्का नाही, तिकीटघर नाही, पोलीस नाही. तिथे डोंग्यात पाय ठेवण्याआधी माणसं मोजायची असतील, तर ती डोंगेवाल्यानं किंवा पाहुण्यांतल्याच कुणीतरी मोजायची आहेत.