लाल शराब आणि भोपाळचा उन्हाळा

इंग्रज अमदानीत हिंदुस्थानात राहणारा साहेब फ्रेंच तांबड्या वाइनला काय म्हणत असे? मायदेशी 'क्लॅरेट', पण इथल्या नोकराकडे मागताना चक्क 'लाल शराब'! १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात हा शब्द नोंदलेला आहे. शॅम्पेनचे 'सिमकिन' झालेले तिथेच सापडते.

कचेरीच्या कामानिमित्त मला दोनदा भोपाळला जावे लागले. भोपाळ म्हटले की आम्हा मराठी माणसांना पहिला बाजीराव आठवतो, नाहीतर १९८४ ची वायुदुर्घटना. या शहरात फ्रेंच नाव लावणारे एक घराणे आहे हे फारसे कुणाला ठाऊक नसते. भोपाळचे बोर्बों. (बोर्बों हे राजवंशाचे नाव, बोर्दो हे वाइनचे शहर. आणि बर्बन व्हिस्की अमेरिकेची, तिचा इथे संबंध नाही.) मूळ पुरुष अकबराच्या दरबारी आला आणि तो फ्रान्सच्या राजघराण्यातला होता, अशी घराण्याची परंपरा सांगते. राजरक्ताच्या दाव्यावर माझा विश्वास बसत नाही. पुरावा सगळा घरातलाच. पण एकोणिसाव्या शतकातला बाल्थाझार बोर्बों, ऊर्फ शहजाद मसीह, ही दंतकथा नव्हे. कुदसिया बेगमेच्या काळात तो राज्याचा मोठा कारभारी होता आणि जॉन माल्कमने त्याची नोंद केली आहे. पुढे १८६७ साली लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी भोपाळला आला, तेव्हा दुल्हन साहिबा म्हणून ओळखली जाणारी बाल्थाझारची विधवा त्याला भेटली. बोर्बों नाव लावणारी बाई हिंदुस्थानी पेहरावात पाहून तो चकितच झाला.

आडनाव टिकले, भाषा नि पेहराव बदलला. मग बोर्दोची बाटली या मुलखात आली तर तिचे काय होई?

भोपाळ एजन्सीचे ठाणे जवळच्या सिहोरला होते. अशा ठाण्यांत गोऱ्या अधिकाऱ्यांच्या जेवणाला क्लॅरेट लागे. सुवेझ कालवा १८६९ चा. त्याआधी माल आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने समुद्रात असायचा. भोपाळला रेल्वे आली १८८० नंतर, म्हणजे तोवर शेवटचा टप्पा बैलगाडीचा. वाइनला सोसतात १२-१३ अंश, अंधार आणि स्थैर्य. इथे तिन्हीच्या नावाने शंख.

गंमत अशी की फ्रान्समध्ये याच हालअपेष्टांचे भांडवल झाले. मेदोक भागातल्या लुई-गास्पार देस्तूर्नेलने आपली वाइन हिंदुस्थानात पाठवली. न खपलेली पिंपे परत आली, तर ती म्हणे अधिक मुरलेली लागली. मग 'रतूर देझांद', हिंदुस्थानातून परतलेली, असा तिचा लौकिक झाला. त्याने कोठाराला पूर्वेकडच्या देवळांसारखे मनोरे बांधले आणि कोरीव दरवाजा झांजिबारहून आणला. तो १८५३ त वारला. १८५५ च्या वर्गवारीत 'कॉ देस्तूर्नेल'ला दुसरी श्रेणी मिळाली.

आपल्या गोव्याच्या वाचकांना यात नवल वाटू नये. हिंदुस्थानाकडे येणारी पोर्तुगीज जहाजे वाटेत माडेइरा बेटावर थांबत. तिथली वाइन असाच फेरा करून परतली की 'विन्यु द रोदा' म्हणून चढ्या भावाने जाई. पण माडेइरात वरून मद्यार्क घातलेला असतो, ती उष्णता पचवते. बोर्दोला तो टेकू नाही. उष्णतेने ती लवकर म्हातारी होते, एवढेच. फळाचा वास जातो आणि शिजवलेल्या मुरंब्याची चव उरते.

चांगली मुरणे वेगळे. नवी बोर्दो काजूच्या बोंडूसारखी जीभ आणि घसा धरते. हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीबियांतला. दहा-वीस वर्षांत तो मऊ होतो, त्यातला काही गाळ होऊन तळाशी बसतो. म्हणून जुनी बाटली आदल्या दिवशी उभी ठेवायची, आणि मानेमागे मेणबत्ती धरून हळूहळू दुसऱ्या भांड्यात ओतायची. गाळ दिसला की थांबायचे.

पुस्तके पुढे सांगतात, 'खोलीच्या तापमानाला वाढा'. कुणाच्या खोलीच्या? जुन्या फ्रेंच घरातल्या. म्हणजे १६ ते १८ अंश. मे महिन्यात भोपाळ चाळिशी पार करते, पणजीतल्या माझ्या खोलीत तीस असतात. तेवढ्या गरम वाइनमध्ये मद्यार्काचा भपकाच पुढे येतो.

इथे कामी येई तो आबदार. साहेबाच्या घरचा हा नोकर पाण्यात सोरा विरघळवून त्यात बाटल्या फिरवत बसे. सोरा विरघळताना उष्णता शोषून घेतो. मग ते पाणी आटवले की सोरा पुन्हा हाती. ही युक्ती साहेबाने आणलेली नव्हे. अबुल फजलने ती 'आईन-ए-अकबरी'त नोंदवली आहे, म्हणजे ज्या दरबारी पहिला बोर्बों आल्याचे सांगतात तिथलीच. वाइनची चव साहेबांनी आम्हाला शिकवली असे आजही कुणी ऐटीत सांगतो. बाटली त्यांची होती हे खरे. ती पिण्याजोगी करून पेल्यात देणारे हात इथले होते, आणि त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.

१८३३ त अमेरिकेहून सुमारे १०० टन बर्फ कलकत्त्याला उतरला, पाठोपाठ मुंबईलाही येऊ लागला, आणि आबदाराचे सोऱ्याचे काम हळूहळू संपले. आज त्याच्या जागी फ्रिज आहे. उन्हाळ्यात तांबडी वाइन उघडण्याआधी अर्धा-पाऊण तास त्यात ठेवा. पाहुणे हसले तर हसू द्या.