तापीकाठचा जोडा आणि मंडालेची पेन्सिल

सुरत काँग्रेसमधला तो जोडा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. डिसेंबर १९०७, तापीकाठचा मांडव, व्यासपीठावर टिळक, आणि गर्दीतून भिरकावलेला दख्खनी जोडा. पण त्यानंतर सातच महिन्यांनी टिळक पुन्हा सुरतेवरून गेले, हे फारसं कोणी सांगत नाही. २२ जुलै १९०८ ला रात्री मुंबईत सहा वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच खास गाडीने त्यांना साबरमतीच्या तुरुंगात नेलं. वाटेत आपलं स्टेशन लागतंच. पुढे सप्टेंबरात मंडाले.

बावन्न वर्षांचा, मधुमेह असलेला माणूस. लाकडी खोली, उन्हाळ्यात भट्टी. १९१२ मध्ये सत्यभामाबाई गेल्या, ती बातमीही त्यांना तिथेच कळली. तरी ‘गीतारहस्य’ झालं, १९१०-११ च्या हिवाळ्यात, पाच महिन्यांत. आपण मुलांना सांगतो, बघा मनोबल! खरंय. पण सोबत हेही सांगावं की त्यांना पुस्तकं मिळत होती, घरची पत्रं येत होती, स्वयंपाकाला एक मराठी कैदी दिला होता. सुटे कागद नाहीत, शाई नाही. पानं मोजलेल्या वह्या आणि पेन्सिल. तेवढं होतं.

त्याच काळात अंदमानात काय चाललं होतं? बाबाराव आणि तात्याराव सावरकर तिथेच होते. एकेकट्या कोठड्या, तेलाचा घाणा, रोजचं तीस पौंड तेल. बोलायची बंदी. १९१२ मध्ये इंदुभूषण रॉय यांनी कोठडीत गळफास घेतला. उल्हासकर दत्त यांना हातकड्यांत टांगून ठेवलं. तापात त्यांना भास होऊ लागले, आणि पुढे मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात वर्षं काढावी लागली. हे दोघे काय कच्च्या मनाचे होते? उल्हासकर तर फाशीची शिक्षा ऐकूनही डगमगले नव्हते. फाशीने जे झालं नाही ते एकांताने आणि घाण्याने केलं. ‘माझी जन्मठेप’ ज्यांनी वाचलंय त्यांना ठाऊक आहे, जीव द्यावा हा विचार खुद्द तात्यारावांच्याही मनात येऊन गेला होता.

हे आज काढायचं कारण म्हणजे आपले लाजपोर. तिथे कैद्यांना हिरे घासायचं काम मिळतं, ही चांगलीच गोष्ट. हाताला काम असलं की डोकं जरा थाऱ्यावर राहतं. पण आपल्या समाजात घरचा कोणी आत गेला की आपण कुजबुजतो, आणि त्याची झोप उडाली म्हटलं तर “नाटकं करतोय” म्हणून मोकळे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचारांची सोय हवी, असं स्पष्ट लिहिलंय. राज्याला एक, म्हणजे किती ते तुम्हीच बघा! तरी ज्यांचं माणूस आत आहे त्यांनी भेटीत जेवण-झोप जरूर विचारा. “कानात आवाज येतात”, “जगून काय करू” असं काही बोलला, तर त्याच दिवशी तुरुंगाच्या डॉक्टरांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे फुकट मिळतो.