शिलावर्तुळे काय सांगतात?

कोरियातील कोगुर्यो राज्यात इ.स. 357 मध्ये बांधलेल्या एका थडग्याच्या भिंतींवर स्वयंपाकघर, विहीर, मिरवणूक रंगवलेली आहे. तिथला समाज चित्रांतून बोलतो. नागपूर परिसरात जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड येथील सुमारे 2,500 ते 3,000 वर्षांपूर्वीच्या शिलावर्तुळांत अशी चित्रे नाहीत. मग त्या लोकांविषयी आपल्याला कळते कसे?

मृतांबरोबर पुरलेल्या वस्तूंवरून. काळी-तांबडी भांडी आणि लोखंडी हत्यारे तर मिळतातच. माहुरझरीला घोड्यांचे सांगाडे व तांब्याचा साजही मिळाला. म्हणजे घोडा मानाचा होता. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी निघाली. म्हणजे ही विद्या इथलीच होती. मोठाले धोंडे ओढून आणायला अनेक हात लागले असणार. म्हणजे समाज संघटित होता.

मात्र ज्यांच्या वाट्याला असे वर्तुळ आले नाही, त्यांच्याविषयी ही थडगी गप्प आहेत, हे विसरू नये.

शिक्षकांनी मुलांना तिथे जरूर न्यावे. वर्तुळांचा व्यास मोजावा, नकाशा काढावा. पण खापराचा तुकडाही उचलू नये. वस्तू जागची हलली, की तिची साक्ष अर्धी संपते, असे आम्हांला वाटते.