गेम कन्सोलसाठी वायफाय : वेगापेक्षा स्थैर्य मोलाचे

घरातील गेम कन्सोल ऑनलाइन खेळताना अडखळू लागला, की पहिला संशय इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीवर येतो आणि अधिक वेगाची, महागडी योजना घेतली जाते. पुष्कळदा हा खर्च व्यर्थ ठरतो. कारण अडथळा बाहेरून येणाऱ्या केबलमध्ये नसून राऊटर आणि कन्सोल यांच्यामधील काही मीटरांच्या बिनतारी टप्प्यात असतो. म्हणूनच जोडणी निवडण्यापूर्वी वेग आणि विलंब यांतील फरक समजून घेणे आवश्यक आहे.

वेग आणि विलंब

सेकंदाला किती माहिती येते, तो वेग. बटण दाबल्याची खबर सर्व्हरपर्यंत पोहोचून उत्तर परत येण्यास लागणारा काळ, तो विलंब. वेगाचा उपयोग मुख्यतः गेम डाउनलोड करताना होतो. ५० गिगाबाइटचा गेम सेकंदाला ५० मेगाबिट वेगाने उतरण्यास सुमारे सव्वादोन तास लागतात. वेग दुप्पट झाल्यास वेळ निम्मा होतो. प्रत्यक्ष खेळात मात्र खेळाडूचे स्थान, हालचाल, नेम एवढीच माहिती ये-जा करते आणि तिला फारसा वेग लागत नाही. तेथे महत्त्व असते विलंबाला आणि त्याहूनही त्याच्या स्थैर्याला. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटत असतील, तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १७ मिलिसेकंद येतात. विलंब क्षणात २० आणि क्षणात २०० मिलिसेकंद होत राहिला, तर खेळ विस्कटतो.

विलंबाचा काही भाग अंतरामुळे अटळ असतो. ऑप्टिकल फायबरमधून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. गोव्यापासून सिंगापूर साडेतीन हजार किलोमीटरांहून दूर असल्याने तेथील सर्व्हरशी होणाऱ्या एका फेरीला किमान ३५ मिलिसेकंद लागणारच. कोणतीही योजना हा काळ कमी करू शकत नाही. जवळचा सर्व्हर निवडणे एवढेच हाती असते.

दोन पट्टे

घरगुती वायफाय प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालते. पहिल्याची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरची असते आणि ती भिंती तुलनेने सहज ओलांडते. मात्र तेथे गर्दी फार असते. शेजाऱ्यांचे राऊटर, ब्लूटूथ उपकरणे आणि मायक्रोवेव्ह हे सारे त्याच पट्ट्यात असतात आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच मिळतात. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल अधिक आणि गर्दी कमी असते, पण भिंतीमागे त्याची शक्ती लवकर क्षीण होते. गोव्यातील जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंतींत हा फरक विशेष जाणवतो.

त्यामुळे कन्सोल आणि राऊटर एकाच खोलीत असल्यास, किंवा मध्ये एखादीच पातळ भिंत असल्यास, ५ गिगाहर्ट्झ निवडावे. अंतर अधिक असल्यास आधी राऊटर जवळ आणता येतो का ते पाहावे आणि मगच २.४ कडे वळावे. अनेक राऊटर दोन्ही पट्टे एकाच नावाने दाखवतात. त्यांना वेगळी नावे दिल्यास कन्सोल हव्या त्या पट्ट्यावर कायम राहतो.

कन्सोलची मर्यादा

२०१३ चा मूळ प्लेस्टेशन ४ केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. त्याचे २०१६ मधील स्लिम आणि प्रो हे अवतार दोन्ही पट्टे जाणतात. २०१७ चा निन्टेन्डो स्विच तसेच २०२० चे एक्सबॉक्स सीरिज एक्स आणि एस वायफाय ५ पर्यंत, तर त्याच वर्षीचा प्लेस्टेशन ५ वायफाय ६ पर्यंत जातो. वायफाय ७ चा महागडा राऊटर आणला, तरी या कन्सोलचा रेडिओ बदलत नाही.

राऊटरची जागा आणि तार

राऊटर कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा जमिनीवर न ठेवता उंच आणि मोकळ्या जागी ठेवावा. एकच रेडिओ असलेला रिपीटर तीच माहिती ऐकून पुन्हा पाठवतो. त्यामुळे उपयुक्त वेग जवळपास निम्मा होतो आणि विलंब वाढतो. मोठ्या घरात दोन राऊटर तारेने जोडणे अधिक श्रेयस्कर.

जेथे शक्य असेल तेथे कन्सोललाच लॅन केबल जोडावी. कॅट ५ई प्रतीची केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट वाहून नेते आणि तिला शेजारच्या वायफायची बाधा होत नाही. प्लेस्टेशन ४ व ५ आणि एक्सबॉक्स सीरिजला लॅन पोर्ट आहे. मूळ स्विचच्या डॉकला तो नाही. त्यासाठी यूएसबी अडॅप्टर लागतो.

खरेदीपूर्वीची चाचणी

नवी योजना किंवा नवा राऊटर घेण्यापूर्वी कन्सोल एका संध्याकाळपुरता लॅन केबलने राऊटरला जोडून खेळून पाहावे. त्या वेळी घरातील अन्य मोबाइलवरून छायाचित्रे किंवा व्हिडिओ अपलोड होत नाहीत ना, याची खात्री करावी; अशा अपलोडमुळे राऊटरमध्ये रांग लागते आणि विलंब वाढतो. केबल लावूनही खेळ अडखळला, तर दोष बहुधा घराबाहेर आहे आणि सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करणे योग्य ठरेल. अडखळणे थांबले, तर दोष बिनतारी टप्प्यात आहे. त्यावरचा उपाय पट्टा, जागा किंवा केबल बदलण्यात आहे, दरमहा अधिक पैसे मोजण्यात नाही.